तांब्याभर पेट्रोल

रत्नागिरी जिल्ह्यात तेलाचा विषय काढायचा झाला तर समोरचा माणूस कुठल्या गावचा आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते. नाणारच्या तेलशुद्धीकरणाचा बेत २०१९ साली गुंडाळला गेला. पुढे २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर माती तपासायला यंत्रे आली आणि गावच्या बायका भर उन्हात त्यांच्या वाटेवर आडव्या झाल्या. तेव्हापासून एकाच चहाच्या टेबलावर बसलेली दोन माणसे तेलाचे नाव निघताच आपापली बशी उचलून वेगळी बसलेली मी पाहिली आहेत. मला ज्या तेलाविषयी लिहायचे आहे ते मात्र फार थोडे आहे. मोजून अर्धा लिटर. आपल्या नेहमीच्या तांब्यात ते मावेल आणि वर चार बोटे जागाही उरेल.

तसा आमच्या गावाचा तेलाशी संबंध जुनाच म्हणायचा. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला. तो १९१६ साली इथेच वारला. त्याच्या राज्यात येनानजाँगला माणसे विहिरी खणून हातांनी तेल उपसत असत. राजा इकडे आला, त्याच १८८६ साली तिकडे बर्मा ऑइल कंपनी उभी राहिली. राजवाड्याच्या गच्चीवरून भाट्याची खाडी फार सुंदर दिसते. राजाला ती पाहून काय वाटत असेल यावर एक कादंबरी लिहावी, असे माझ्या मनात बरीच वर्षे आहे. पण माझ्या मागच्या कादंबरीच्या प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर विसावा घेत आहेत, तेव्हा राजेसाहेबांनी थोडे थांबावे हे बरे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण, वडिलांच्या भाषेत सांगायचे तर, मॅट्रिकला संपले. गणितात त्रैराशिकाच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे आकडे येणार आहेत ते सगळे त्रैराशिकाने सुटणारे आहेत. तसे नसते तर मी या भानगडीत पडलोच नसतो.

भानगड एका बापलेकांची आहे. बाप मिरकरवाडा बंदरावर मच्छीमार होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करतो. सारे बंदर त्याला मिस्त्री म्हणते, म्हणून मीही तेच म्हणेन. मुलगा माझा विद्यार्थी. हात चांगला होता, पण वहीच्या मागच्या पानांवर फक्त मोटारी काढायचा. मिस्त्री त्याला माझ्यासमोर रागाने ‘चिरंजीव’ म्हणतात, तेव्हा आपणही तेच चालू ठेवू. चिरंजीव चार वर्षे दुबईला एका मोठ्या गॅरेजात होते. तिथून गाठीला पैसे बांधून आले. मिस्त्रींच्या मनात होते की त्या पैशांत एका ट्रॉलरची पाती घ्यावी. चिरंजीवांनी एक जुनी टर्बो गाडी घेतली, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, आणि कारखान्यातून दीडशे अश्वशक्तीची आलेली ती गाडी पाचशे अश्वशक्तीची करायला घेतली. कशासाठी, तर सरळ रेषेत चारशे दोन मीटर धावण्यासाठी!

याला ड्रॅग रेस म्हणतात. पाव मैलाची शर्यत. वळण नाही, घाट नाही, प्रतिस्पर्ध्याशी लगट नाही. दोन गाड्या उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो, आणि दहा-बारा सेकंदांत सगळे आटोपते. मूळ खूळ कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवरचे. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली त्याची संघटना बांधली आणि रस्त्यावर जीव देणाऱ्या पोरांना धावपट्टीवर आणले. त्यांच्या सगळ्यांत दांडग्या गाड्या पेट्रोल पीतच नाहीत. त्यांना नायट्रोमिथेन लागते, आणि तेही एका खेपेला चाळीस लिटरांहून अधिक! त्या ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढे जातात. २००८ साली एक नामवंत चालक त्यात गेला, तेव्हापासून त्या वर्गाची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणली आहे. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळावर मोटारी धावत. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. चिरंजीवांचे डोळे तिकडे लागलेले.

पहिल्या खेपेला ते एका धावपट्टीवर गेले आणि इंजिन जाळून परत आले. पिस्टनला अंगठा जाईल एवढे भोक. तो पिस्टन त्यांनी शेडच्या खिडकीत ठेवला आहे, देव ठेवावा तसा. ही बातमी मिरकरवाड्याला पोचली, आणि मिस्त्रींनी मुलाशी बोलणे टाकले. एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले. ओटीवर बसले. चहाला नको म्हणाले.

“मास्तर, तुमचा शब्द तो मोडायचा नाय. त्याला सांगा, ही गाडी विकून टाक. दहा सेकंदांसाठी कोण घर जाळतो काय?”

मी “बघतो” म्हणालो. मास्तरकीच्या धंद्यात हा शब्द फार उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिरजोळ्याला गेलो. समजूत घालायला म्हणून गेलो, आणि पुढचे तीन महिने दर शनिवारी जात राहिलो. ते का, हे मला नीट सांगता येणार नाही. खरे सांगायचे तर ज्या माणसाला आपले काम येते त्याच्या शेजारी स्टुलावर बसून ते पाहणे, याच्याइतके सुख मला फार थोड्या गोष्टींत वाटते. शिवाय त्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातात पेन्सिल दिली. “सर, मला सगळी पाइपलाइन एका कागदावर काढून द्या. माझ्या डोक्यात आहे, पण डोक्यातली चूक दिसत नाही.”

तेव्हा आता ती पाइपलाइन.

पाचशे अश्वशक्तीला तासाला किती पेट्रोल लागते? टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी पाव किलोहून थोडे अधिक धरतात. म्हणजे सुमारे एकशे छत्तीस किलो, लिटरांत एकशे चौऱ्याऐंशी. मिनिटाला तीन लिटर. सेकंदाला पन्नास मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाची लहान बाटली. दहा सेकंदांची धाव म्हणजे अर्धा लिटर. हेच ते आपले तांब्याभर पेट्रोल. पण हा तांब्या नुसता ओतायचा नाही. चार इंजेक्टरांच्या केसासारख्या भोकांतून, मिनिटाला सात हजार फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात, ज्याच्या त्याच्या पाळीला धुक्यासारखा फवारायचा. प्रत्येक इंजेक्टरला एका पाळीसाठी मिळतो सेकंदाचा साधारण साठावा भाग. त्यातलाही ऐंशी टक्केच वेळ तो उघडा ठेवायचा. त्याला सतत उघडा राहण्याची पाळी आली तर तो लहान पडला असे समजायचे. हे सगळे मांडून चिरंजीवांनी मिनिटाला हजार मिलिलिटरचे इंजेक्टर बसवले.

इथवर मला समजले. अडलो ते दाबापाशी. इंजेक्टरामागे पेट्रोलचा दाब तीन बार ठेवतात. मग दाबाच्या घड्याळात काटा साडेचारवर का जातो? चिरंजीव म्हणाले, “सर, हापूसच्या बागेत फवारणी करताना वारा समोरून आला तर काय होतं?” आमच्या सड्यावरच्या बागांत हे पोराटोरांना ठाऊक असते. फवारा तोंडावर येतो. टर्बो म्हणजे समोरचा वारा. तो इंजिनात दीड बार दाबाने हवा कोंबत असतो. इंजेक्टर त्या हवेच्या तोंडावर फवारणार, तेव्हा पेट्रोलही तेवढेच जोराने यायला हवे. तीन अधिक दीड, साडेचार. पंचेचाळीस मीटर खोल समुद्राच्या तळाला पाण्याचा जो भार असतो, तो. हे आपोआप व्हावे म्हणून मध्ये एक रेग्युलेटर असतो. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग, आणि इंजिनाकडून आलेली एक बारीक नळी. हवेचा दाब वाढला की पडदा दबतो, टाकीकडे परत जाणारी वाट आवळली जाते, आणि पेट्रोलचा दाब तेवढाच चढतो. इतकी साधी गोष्ट, पण मी ती तीनदा काढली तेव्हा मला तिचे सौंदर्य कळले.

आता पंपाची गंमत अशी की दाब वाढला की त्याची धार कमी होते. डब्यावर छापलेला आकडा तीन बारचा असतो. साडेचार बारला पंप काय देतो ते छापणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, मोजून पाहावे लागते. आम्ही शेडच्या बाहेर, मोकळ्यावर, आगीची नळकांडी शेजारी ठेवून, बॅटरी लांब वारा येतो त्या बाजूला मांडून मोजले. हातात घड्याळ माझ्या. छापील आकडा तासाला दोनशे पंचावन्न लिटर. मिनिटाच्या मापात पडले सव्वातीन, म्हणजे तासाला एकशे पंच्याण्णव. गरज एकशे चौऱ्याऐंशीची. मी म्हटले, “पुरते की.” चिरंजीवांनी मान हलवली. वीस टक्के शिल्लक हवी. सर्वांत जास्त पेट्रोल लागते तेव्हाच पंप गरम असतो, तेव्हाच वीज कमी पडते. ती वीजही जुन्या बारीक वायरीतून येत होती. आमचा खारा वारा तांब्याला हिरवे करून सोडतो, हे रत्नागिरीत घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनी बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, स्वतंत्र रिले घातला, आणि पुन्हा मापले. पावणेचार लिटर. तोच पंप, तोच दाब. मला हे पाहून आमच्या शाळेतली काही मुले आठवली, पण तो विषय वेगळा.

इथेनॉलचेही एक प्रकरण आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. २०२४ च्या मार्चात जवळजवळ निव्वळ इथेनॉल विकायला काढले, त्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव होते. म्हणजे कोल्हापूर-सांगलीचा ऊस घाट उतरून आमच्या टाकीत! शर्यतवाल्यांना ते आवडते, कारण ते इंजिन थंड ठेवते आणि टर्बोचा जास्त दाब सोसते. पण त्याच ताकदीला ते दीडपट लागते. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा म्हणजे पाण्याला आमंत्रणच. साध्या रबराच्या नळ्यांनाही ते खाते. म्हणून चिरंजीवांनी आतून टेफ्लॉनच्या आणि वरून तारेने विणलेल्या नळ्या घेतल्या, जाण्याला अर्धा इंची, परतीला तीन अष्टमांश. दुसऱ्या पंपाची जागा सोडून ठेवली. पण तूर्त पेट्रोल.

हे सगळे झाल्यावरही मूळ कोडे सुटले नव्हते. पुण्याला डायनोवर, म्हणजे जिथे गाडी जागच्या जागी रुळांवर पळवून ताकद मोजतात तिथे, ती जुन्या वायरीवरही चांगली चालली होती. दाबाची रेघ सरळ. धावपट्टीवर मात्र पहिल्याच गिअरला ती रेघ साडेचारवरून तीनच्या खाली आली, क्षणभरच, आणि पुन्हा वर चढली. तेवढ्यात पिस्टन गेला. इंजिनाला हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे मिळाले की जाळ भलताच तापतो, आणि पिस्टन बिचारा अॅल्युमिनियमचा. शुद्ध अॅल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या जरा वर वितळते. क्षणभर पेट्रोल का कमी पडले? वायर हे उत्तर नव्हते. चिरंजीवांनी पंप बदलून पाहिला होता, गाळणी बदलली होती. गाडी झेप घेते तेव्हा टाकीतले पेट्रोल मागे सरकते आणि पंपाचे तोंड उघडे पडते, हेही त्यांना ठाऊक होते. त्यासाठी त्यांनी डिकीत दोन लिटरांची एक मधली टाकी बसवलीच होती. एक पंप मोठ्या टाकीतून ती भरत ठेवतो, दुसरा तिच्यातून ओढतो. पुस्तकाप्रमाणे सगळे बरोबर.

माझे चित्र तोवर पुरे झाले होते. खाकी कागदावर, जाणारी वाट तांबड्या रंगात, परतीची निळ्या. एका रविवारी सकाळी ते गुंडाळले आणि कोणाला न सांगता मिरकरवाड्याला गेलो. मिस्त्री एका होडीच्या इंजिनघरात कमरेपर्यंत उतरले होते. वर आले, हात पुसले. “सांगितलंत त्याला?”

“नाही,” मी म्हटले. “हे दाखवायला आणलंय.”

ते कागदाकडे पाहत नव्हते. मी तो मासळीच्या रिकाम्या क्रेटवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार पाने ठेवले. स्पॅनरला पाना म्हणतात हे वाचकांना ठाऊक असेलच. मी काही बोललो नाही. होडीवरच्या पोराने डोकावून विचारले, “काय हो हे?” त्याला समजावून सांगायच्या निमित्ताने मीच बोलू लागलो, ही टाकी, हा पंप, हा रेग्युलेटर. डायनोवर चालते आणि धावपट्टीवर चालत नाही, हेही सांगितले. मिस्त्री पाठ करून उभे होते. ते तसेच म्हणाले, “होडी धक्क्याला बांधून इंजिन चालवलं तर सगळ्यांचीच चालतात.”

मग वळले. बराच वेळ पाहिले. त्यांच्या तर्जनीचा काळा ठसा माझ्या चित्रावर उमटला, मधल्या टाकीच्या वर.

“ही आडवी का झोपवली?”

डिकीत उंची कमी आहे, मी म्हटले.

“आणि हवेची वाट?” त्यांनी परतीच्या नळीवर बोट आणले. ती टाकीच्या मागच्या बाजूला, मध्यावर लागत होती. पंपाची नळी पुढच्या बाजूला. “ही वाट मध्यावर. म्हणजे तिच्या वरती हवा अडकून राहणार. गाडी उभी तोवर हवा वर, पेट्रोल खाली, कायपण होत नाय. गाडी पुढं गेली की पेट्रोल मागं जाणार. मग हवा कुठं जाईल? पुढं. आणि ओढणारी नळी कुठाय?”

पुढे. मी चित्र काढले होते, पंधरा वेळा पाहिले होते, चिरंजीवांनीही पाहिले होते. टाकी भरलेली असते असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो.

“पंपात हवा धरली की दाब बसला,” मिस्त्री म्हणाले. “टाकी उभी कर म्हणावं. हवेची वाट सगळ्यांत वर, तेलाची सगळ्यांत खाली. वाईच पत्रा कापावा लागला तर काप म्हणावं.” आणि पुन्हा इंजिनघरात उतरले. कागद मी गुंडाळला. ठसा तसाच ठेवला.

चिरंजीवांनी तो ठसा पाहिला. काही न बोलता डिकीचे पुठ्ठे उसकटायला लागले. मी कोणाचा ठसा ते सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. डिझेलचा वास कागदाला येतच होता. टाकी उभी करायला डिकीचा तळ कापावा लागला, खालून नवी चौकट द्यावी लागली, त्यात दोन आठवडे गेले. मागच्या सीटच्या आणि टाकीच्या मध्ये पोलादी पत्र्याची भिंतही घातली. पेट्रोल आणि माणूस यांच्यात भिंत असलेली बरी. सांगायचा मुद्दा हा की मिस्त्रींनी सांगितलेले काम मी चोख उलटे केले होते. गाडी विकली गेली नाही, उलट तिला आणखी खर्च लागला. माझ्या घरी यावर जी टीका झाली ती इथे देत नाही.

यंदा पाऊस यायच्या आधी ती गाडी पुन्हा एका धावपट्टीवर गेली. मी गेलो नव्हतो, दहावीच्या पेपरांची बाडे चालू होती. रात्री चिरंजीव आले ते सरळ बंदरावर, आणि मला तिथे बोलावून घेतले. मिस्त्री धक्क्यावर जाळी बांधायच्या ओंडक्यावर बसले होते. चिरंजीवांनी लॅपटॉप उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. दाबाची रेघ चढली होती, साडेचारवर गेली होती, आणि शेवटपर्यंत तिथेच होती. किती सेकंदांत पाव मैल गेला ते चिरंजीव सांगत होते. पहिल्या दहांत ते नव्हते. मिस्त्रींचे लक्ष त्याकडे नव्हते.

“किती लागलं?” त्यांनी विचारले. आठ महिन्यांनी मुलाशी बोललेला पहिला शब्द.

“काय, बाबा?”

“तेल.”

“अर्धा लिटर. थोडं वर.”

मिस्त्रींनी रेघ आणखी एकदा पाहिली. “गाळणी खोललीस?”

“नाही अजून.”

“मग खोल. अर्ध्या लिटरात काय काय आलं ते बघूया.”

चिरंजीव गाडीकडे गेले. मिस्त्रींनी खिशातली विजेरी काढली आणि तिची काच सदऱ्याला पुसत त्यांच्या मागे निघाले.